मधली चौदा वर्षं

कोठी कचेरीबाहेर, बंद पडलेल्या एसटीडी बूथच्या सावलीत
नोटरीचा टायपिस्ट बसतो.
गॅप सर्टिफिकेटचे किती, मी विचारलं.
कितीचा गॅप, बेन?

बारावी ते नर्सिंग. चौदा वर्षं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे,
आणि तयार मजकूर उघडला, सगळ्यांना लागतो तो:
सदर काळात मी कुठेही शिक्षण घेतलेलं नाही,
नोकरी केलेली नाही, व घरीच होते.

थांबा, म्हटलं. मी एम.कॉम. आहे.

मग भानगड वाढेल, तो म्हणाला.
घरीच होते, हे बरं पडतं.
पन्नास रुपये कमी.

फॉर्मात खरंच जागा नाही.
बारावीचं इंग्रजी, बारावीचे टक्के,
आणि खाली थेट सही.
कॉमर्स फॅकल्टीत पाच वर्षं पाठ केलेला घसारा,
दरसाल यंत्राची किंमत किती उतरते त्याचं गणित,
कुणी विचारलेलंच नाही.
वय मात्र विचारलंय. पस्तिशीच्या आत.
मी एकतीस.
घसारा वजा जाता शिल्लक चार.

नऊ वर्षं कारेलीबागेतल्या हॉस्पिटलात
मी बिलांच्या खिडकीमागे बसले.
वरचे मजले मला माहीत नव्हते,
पण वरचं सगळं खाली यायचं, ओळीओळीनं.
एका रात्रीत सुया नऊ:
म्हणजे शीर सापडत नव्हती.
मोठ्यांचे डायपर रोज चार, रोज चार, मग एकही नाही:
म्हणजे आजोबा संडासापर्यंत चालले,
किंवा.
मी बेरीज करून कागद पुढे सरकवायचे.
सुट्टे आहेत का, विचारायचे.

मागच्या मार्चात खाट तेवीसचं बिल आलं.
ग्लिसरीन, कापूस. ग्लिसरीन, कापूस.
ग्लिसरीन.
एंट्री दोनदा पडली असणार, म्हणून जिना चढले.
राठवा सिस्टर एका म्हाताऱ्याचे ओठ पुसत होत्या.
त्याला पाणी बंद होतं,
जीभ चुलीतल्या लाकडासारखी झालेली.
चूक नाहीये, त्या मान न वळवता म्हणाल्या,
आलीच आहेस तर धर जरा डोकं.

धरलं.
माणसाचं डोकं एवढं जड असतं
हे मला तिसाव्या वर्षी कळलं.
केस घामानं ओले होते, मागून, बाळाचे असतात तसे.
खाली रांग वाढली. हितार्थभाईंचे तीन मिस्ड कॉल.
मी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले,
फोन उचलायला तिसरा हात नव्हता.

टायपिस्टला म्हटलं, पूर्ण लिहा.
बी.कॉम. तीन वर्षं. एम.कॉम. दोन. बिलं नऊ.
बिलं म्हणजे?
बिलं.
त्यानं खांदे उडवले, पन्नास जास्त घेतले,
शिक्का उमटवून त्यावर फुंकर मारली.
घरी येऊन वाचलं तर शेवटी तसंच राहिलेलं,
त्याच्या तयार मजकुराचं शेपूट:
व घरीच होते.
परत गेले नाही. राहू दे.

निरंजन म्हणाला, वर्गात सगळ्या सतरा-अठराच्या,
ताई, तुला मावशी म्हणतील.
म्हणू देत.
आईनं फॉर्म दिव्याखाली धरला,
फोटोवर बोट फिरवलं, पिन माझ्या कपाळातून गेली होती.
एम.कॉम.च्या फीला तिच्या पाटल्या गेल्या,
ते ती बोलली नाही, मीही नाही.
रात्रपाळी असेल?
असेल.
मग डाळीचा डबा झाकत म्हणाली,
तुझे बाबा शेवटी पाणी मागायचे ना, तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं
कापसाचं.

मी नखांचा रंग काढायला बसले.
नर्सिंगमध्ये चालत नाही.
नऊ निघाले.
डाव्या अंगठ्याचा जुना थर, दिवाळीचा असावा,
कडेला अजून थोडा लाल आहे.