आंबणं

सेगेद. रात्रीचे अडीच.
उंदराच्या मेंदूची पातळ चकती,
तिच्यात रुतलेली इल्दिकोची काचसुई.

पेशी बोलू लागल्या की आकडा
क्षणभर आम्लारीकडे,
मग कलतो आंबटाकडे. ७.३, ७.२.
कष्टानं अंग आंबावं, तसं.
जरा वेळानं सावरतो.

आता ती प्राणवायूची नळी मिटते.
एक लाट सावकाश सरकते चकतीवरून,
मागे सगळं गप्प.
६.६.

घरी खिडकीत काकड्यांची बरणी, वर पावाचा तुकडा.
बालिंतनं भरलेली,
झटका आला त्याच्या आदल्या दिवशी.
अजून उघडलेली नाही.
त्याचा आकडा कुणी मोजलाच नव्हता.

ती नळी उघडते. वहीत वेळ लिहिते,
आणि पेन्सिल खाली न ठेवता
बघत राहते:
६.६
६.६