काट

तार्तू, फेब्रुवारी. शाई गोठू नये म्हणून
लेइडा दौत शेगडीजवळ ठेवते
आणि नेपच्यून तोलायला बसते.

तराजू नाही. आहे फक्त एक चंद्र, तोही उलटा फिरणारा.
किती दूर, त्याचा घन;
फेरीला किती वेळ, त्याचा वर्ग.
पाच दिवस, एकवीस तास.
लॉगॅरिदमच्या कोष्टकावर राईच्या पावाचा चुरा.

चंद्राचं स्वतःचं वस्तुमान
समीकरणात दोन्हीकडे येतं.
ती काट मारते, सवयीनं.

उत्तर तीनदा तेच येतं.
प्राध्यापक हाल्लिक खाली सही करतात,
गळपट्टा गुंडाळून घरी जातात.

शुक्राला चंद्र नाही.
त्याचं वजन सगळे अजून अंदाजानंच सांगतात.

दिवा मालवल्यावर
खोडलेलं ते बारकं अक्षर
कागदाच्या पाठीकडून
तिच्या बोटाला लागतं.