पिल्लं बसतात तशी

अकरा वर्षं मी नवापूर रोडच्या पोल्ट्रीत रात्रपाळी केली.
काम एकच : एका दिवसाची पिल्लं मरू द्यायची नाहीत.
तांबड्या दिव्याखाली पाच-पाचशे.
थर्मामीटर होता, पण तो मालकाला दाखवायला.
खरं तापमान पिल्लंच सांगतात.
दिव्याखाली एकमेकांवर चढून ढीग झाला, तर थंडी.
चोची उघडून पत्र्याच्या कडेला पळाली, तर दिवा वर घ्या.
आणि सांडलेल्या ज्वारीसारखी
सगळीकडे पसरून झोपली, तर तुम्हीही
अर्धा तास पाठ टेका.

यंदा पिंपळनेरात पारा पाचावर आला.
पांझरेकडून वारा सुटला की आमच्या स्लॅबच्या घरात
फरशी पायाला चावते.
शेगडी मी बंद केलेली, गेल्या पौषात
जिनिंगच्या चौकीदाराला
दार फोडून बाहेर काढला त्या दिवसापासून.
(वाचला. पण अजून बायकोचं नाव विसरतो.)
विमल शाळेचे गणवेश शिवते.
काज करताना बोटं आखडायची,
सुई पडायची, मग फरशीवर चाचपणं.

धुळ्याहून इन्फ्रारेडचं पॅनल आणलं.
पाटाएवढं, पांढरं. ना जाळी, ना पंखा, ना लाल तार.
दुकानदार समजावत होता,
काका, हा हवा तापवत नाही,
समोर जे असेल तेच तापवतो :
माणूस, भिंत, खुर्ची.
मी मान डोलावली.
पिल्लांचं त्याला काय सांगायचं!

भिंतीवर ठोकलं, बटण दाबलं.
विमल बघत राहिली. "हाऊ ते पेटेलच नही."
मग दोन मिनिटांनी गालाला हात लावला,
अंगणात ऊन आलंय का बघावं तसा.
"बिल कोन भरी?"
एवढं विचारून तिनं शिलाई मशीन
दोन हात पुढे ओढलं.

हर्षल उंबऱ्याशी बसला होता, मोबाईल घेऊन.
दिवाळीला पुण्याहून आला तो परत गेला नाही.
कंपनी बंद झाली की याला काढला, सांगत नाही.
मी एकदाच विचारलं,
ज्या आवाजात विचारू नये त्या आवाजात.
तेव्हापासून आमच्यात
"दूध आलं" आणि "लाईट गेली", एवढंच.

त्याच्या अंगावर जुनी शाल, गुडघे छातीशी.
थंडी असलेलं पिल्लू मला अंधारातही ओळखू येतं.
आधी वाटलं, लांब आहे म्हणून.
मग लक्षात आलं, तेवढंही लांब नाही.
ही ऊब नजरेसारखी असते, सरळ जाते,
वळसा घालत नाही.
पॅनल आणि उंबरा यांच्या बरोबर मध्ये
माझी खुर्ची होती.
माझी पाठ भाजत होती मस्त,
आणि माझ्यामागे
न दिसणारी, गार सावली
पोराच्या अंगावर पडली होती.
किती दिवस, कोण जाणे.

बोललो काहीच नाही.
पाणी प्यायला उठलो
आणि परतताना खुर्ची भिंतीला लावली.
त्यानं मान वर केली नाही.
थोड्या वेळानं शाल खांद्यावरून घसरली,
ती त्यानं उचलली नाही.

तीनला जाग आली. अकरा वर्षांची सवय,
पोल्ट्री सुटली, तीन वाजणं सुटत नाही.
उठून बघितलं :
विमल मशीनशेजारी आडवी, पदराला सुई टोचलेली.
हर्षल मधल्या फरशीवर, हातपाय चारी दिशांना,
एक पाय थेट माझ्या अंथरुणात.
ढीग नाही. कडेला पळालेलं कुणी नाही.

तेवढ्यात लाईट गेली.
पॅनलचा हिरवा ठिपका विझला,
गल्लीतली कुत्री गप्प झाली.
मी अंधारात चाचपत
पलंगाच्या लोखंडी पट्टीवर हात ठेवला.
अजून कोमट होती.
भिंतही.
त्याच्या पायाला हात लावायचा विचार होता,
तेवढ्यात त्यानंच झोपेत
पाय आणखी आत सारला.