फिरली का?

तासगावच्या हायस्कूलचं मैदान,
पलीकडं बेदाण्याची शेड, जाळ्यांवर द्राक्षं,
डिपिंग ऑइलचा वास थेट पहिल्या बेसपर्यंत.
तिथं मी, फक्कीच्या रेषेबाहेर,
हात गुडघ्यांवर.

मुक्ता बंडगरनं बॅट काढली
आणि मध्येच आवरली.
चेंडू खाली, बाहेर. नसीम मुलाणीनं तो मातीतून उपसला,
मास्क वर केला, बोट माझ्याकडं.
मग झांबरे सरांचंही बोट माझ्याकडंच:
फिरली का?

पुस्तकात यासाठी रेषा आखलेली नाही.
मनगट वळलं का, टोक प्लेटच्या पुढं गेलं का,
हे आम्ही पंचांनी चहा पिताना ठरवलेलं.
पुस्तक एवढंच विचारतं:
मारायचं होतं का तिला?

नव्वद फुटांवरून मला मनगट दिसतं.
मन नाही.

गेल्या साली दिनकर खराड्यानं बांधावर
सख्ख्या भावावर काठी उगारली,
उगारली, आणि तशीच धरून राहिला.
पंचनाम्यावर सही माझी.
हवालदारानं विचारलं, मारली?
नाही.
मारणार होता?
मी शेवग्याच्या शेंगा बघत राहिलो.
त्यानं ती ओळ कोरी सोडली.

इथं कोरी सोडता येत नाही.
मी दोन्ही हात आडवे पसरले. नाही फिरली.
नसीमनं नुसती मान हलवली,
तिच्या गुडघ्यावरची माती तशीच.

पुढच्याच चेंडूला पहिल्या बेसवरची पोरगी पळाली.
या खेपेला बॅट पुरती फिरली, हुकली,
मुक्ताचा तोल गेला, पाय प्लेटवर,
नसीमचा फेकता हात तिच्या खांद्याला अडला
आणि चेंडू कुठंतरी शॉर्टस्टॉपच्या मागं, गवतात.

झांबरे सरांचा हात वर.
बॅटर बाद. पळालेली परत पहिल्या बेसवर.

"सर, मुद्दाम नाय केलं."
खरंच होतं ते.
शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या बायांनासुद्धा दिसलं असेल.
पण या कलमात मुद्दामला जागाच नाही.
आडवी आलीस, संपलं.

हेल्मेट काखेत मारून
ती माझ्या बाजूनं ताडपत्रीच्या सावलीकडं निघाली.
जवळ आल्यावर चाल हळू केली,
माझ्याकडं न बघता म्हणाली,
"मघाची फिरली हुती, सर."

मी खिशातला क्लिकर दाबला. एक बाद.
पुढची पोरगी डावखुरी.
आता बोट आलं तर
तिसऱ्या बेसवरच्या पंचाकडं जाईल.