बटणांना नावं ठेवताना

पहिल्या आराखड्यात मी सगळंच गोल केलं होतं.
गोल बटण, गोल फोटो, मागे गोल गोल पसरत जाणाऱ्या लहरी,
आणि रंग जांभळा,
कारण नाशिक म्हटल्यावर द्राक्षं आलीच, असं थेटे सर म्हणाले.
तबस्सुम म्हणाली, द्राक्षं हिरवीपण असतात, सर.
मीटिंग तिथंच अर्धा तास अडली.

स्टुडिओ म्हणजे जिमखान्याची जुनी खोली.
भिंतीला अंड्यांचे ट्रे, त्यावर खाकी कापड,
दारावर लाल दिवा.
तो लागला की कॉरिडॉरमधून जाणारे
चपला हातात घेतात.
मला तो दिवा वेबसाइटवर हवा होता.
किती पिक्सेलचा करू,
म्हणजे बघणारा घरबसल्या चपला काढेल?

आमचा टॉवर फार उंच नाही.
गंगापूर नाक्यावर आवाज खणखणीत,
पंचवटीत बरा,
म्हसरूळला खरखर,
आणि ढकांब्याला पोचेपर्यंत
तबस्सुमच्या 'नमस्कार'मधला फक्त 'स्कार' उरतो.
म्हणून ही वेबसाइट.
म्हणून रात्री अडीच वाजता मी, लॅपटॉप
आणि चिवड्याच्या पुडीच्या तळाशी उरलेलं तिखट.

चौथ्या आवृत्तीत दिवा लुकलुकायला लागला.
सहाव्या आवृत्तीत प्राचार्यांचा फोटो खाली सरकवला.
सातव्यात तो आपोआप वर आला.

मग प्रज्वल गांगुर्डे आला. एफवायबीए,
दिंडोरीहून रोज एसटीनं.
बघू तुझी वेबसाइट, म्हणाला.
तो 'बघू'च म्हणतो.
फोन कानाजवळ धरून
काचेवरून बोट फिरवत गेला,
आणि फोनमधली ती घाईची बाई वाचू लागली:

बटण.
बटण.
प्रतिमा.
बटण.
प्रतिमा, फायनल फायनल दोन.
बटण.

तो हसला नाही.
म्हणाला, कंडक्टर प्रत्येक ठिकाणी नुसतं
'थांबा, थांबा' ओरडला,
तर मी उतरू कुठं?

त्या रात्री रंगाला हात लावला नाही.
नावं ठेवत बसलो.
आजवर माणसांना ठेवली,
बटणांना पहिल्यांदाच.

त्या तिरप्या त्रिकोणाला काय म्हणायचं?
'चालवा' लिहिलं, ट्रॅक्टर वाटला.
'सुरू करा' लिहिलं, विहिरीवरची मोटर.
मग लिहिलं, 'ऐका'.
एकेरीत हा शब्द घरी रोज अंगावर येतो:
ऐक जरा, ऐकतोस का, ऐकायचंच नाही ना तुला.
शेवटी एक काना जोडला
तर केवढा नरम पडला.

लाल दिव्याला लिहिलं: 'आत्ता कोणीतरी बोलतंय.'
लहरींना लिहिलं: 'सजावट, वगळा.'
ते लिहिताना जरा लागलं,
तीन दिवस खपलो होतो त्यांच्यावर.
प्राचार्यांच्या फोटोला लिहिलं: 'प्राचार्य, हसताना.'
खरं तर ते हसत नाहीयेत,
पण म्हटलं, कोणाला कळणार आहे.

दुसऱ्या दिवशी प्रज्वलनं विचारलं,
सर खरंच हसतात फोटोत?
आवाजावरून वाटत नाही.
मी गप्प.
'हसताना' काढून टाकलं.

राहिली दुपार.
दहा ते पाच स्टेशन बंद असतं,
तेव्हा 'ऐका' दाबणाऱ्याला काय द्यायचं?
थेटे सर म्हणाले, 'प्रक्षेपण उपलब्ध नाही' लिही, शासकीय वाटतं.
मी लिहिलं:
'खोलीत आत्ता कोणी नाही. पंखाही बंद आहे.
पाच वाजता तबस्सुम येईल.'

ती वाचून म्हणाली,
आता मला रोज वेळेवर यावं लागणार.

संध्याकाळी पाच वाजून दोन मिनिटांनी
एसटीतून प्रज्वलचा फोन.
मागे घंटी, कोणाची तरी कोंबडी, सुट्ट्यांवरून भांडण.
म्हणाला, ढकांबं आलं.
आणि पुढे काहीच नाही बोलला,
नुसता फोन तसाच धरून ठेवला
बराच वेळ.

रंग अजून ठरलेला नाही.