शेवटची नावं संपेपर्यंत

सोहारच्या मॉलमध्ये, गुरुवारी रात्री पावणेबाराचा खेळ.
तिकीट साडेतीन रियाल. त्याचे रुपये किती,
हा हिशोब मी चौथ्या वर्षीच सोडला.
हॉलमध्ये आम्ही नऊ जण, एसी मात्र नव्वद जणांचा.

आधी तक्रारी. चाहत्याचा तो हक्क आहे.
पाड्याच्या भुवईवरचा व्रण डावीकडे हवा,
यांनी उजवीकडे दिलाय.
झेल्याचे हातमोजे राखाडी होते, निळे कधीच नव्हते.
आणि दोघांची पहिली भेट धरणाच्या भिंतीवर होते,
इथे ती एका लॉन्ड्रीत उरकली.

पाड्या आणि झेल्या ही नावं आमची.
इम्तियाजच्या मामाच्या कुवेतहून आलेल्या पेटीत
सतरा अंक निघाले, साबणाच्या वासाचे.
इंग्रजी नावांनी जिभेत लचक भरायची,
म्हणून गुहागरच्या शाळेत, शेवटच्या बाकावर, आम्ही ती बदलली.
एकानं बोट दाखवलं की उभं ते आडवं होतं.
दुसऱ्यानं तळवा पसरला की पडतं ते हवेतच थांबतं.
इम्तियाज झाडावरून कैऱ्या पाडायचा, मी खाली झेलायचो.
वाटणी तिथेच ठरली.

पण लॉन्ड्रीतला तो प्रसंग, खरं सांगतो, जमलाय.
पाड्या फळीवरचे गठ्ठे पाडतो, झेल्या अडवतो,
पुन्हा पाडतो, पुन्हा अडवतो, दोघांना हसू आवरत नाही,
मालकीण दार उघडते तर खोलीभर चादरी तरंगतायत.
खाली अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे धावतात,
जणू गोष्ट मागे नेणं त्यांनाच जमतं.

हॉल हसला. मी नाही.
मी नंतरचे चारही भाग आधीच पाहिलेत.
मला ठाऊक आहे तो पूल, ती शाळेची बस,
एकोणचाळीस मुलं झेलली, चाळिसावं सुटलं,
मग वीस वर्षं एकमेकांचं नावही नाही.
इथे ते एका ताटात जेवतात,
एकमेकांचे शर्ट घालतात, त्यांना काही माहीत नसतं,
आणि खुर्चीतला माणूस आवंढा गिळतो.

एक गोष्ट सिनेमा टाळतो.
पहिल्यांदा कोणी कोणाला पाडलं?
तिथे कॅमेरा खिडकीबाहेर बघतो.

मी सांगतो. शटडाऊनचा सातवा दिवस,
बारा मीटरवरची परांची,
हिरवा टॅग, टॅगवर इम्तियाजची सही,
आणि एक क्लॅम्प सैल.
आवळायला पाना होता माझ्याकडे. कमरेलाच.
मी फोटो काढला.
सुपरवायझरची जागा एक, आम्ही दोघं.
कोणी पडलं नाही. कागदावर तर मी सगळ्यांना वाचवलं.
त्याला बुरैमीच्या साइटवर धाडलं,
मला पांढरं हेल्मेट मिळालं.

शेवटी पाड्या बोटीवर, झेल्या धक्क्यावर,
दोघंही म्हणतात, उद्या भेटू.
दिवे लागले. लोक उठले.
चाहते उठत नाहीत.
सगळी नावं सरकून गेल्यावर एक तुकडा असतो, अर्ध्या मिनिटाचा,
तो न बघता जाणारा आमच्यात फितूर धरला जातो.

सात जण गेले. मी उरलो,
आणि चार रांगा पुढे एक डोकं.
मागून विरळ झालेलं, डावा कान जरा बाहेर.
तो कान मी पाचवीपासून ओढलाय.
पडद्यावर नावं चढत होती. केशभूषा. वाहनचालक. जेवणवाले.
सफाईचा पोऱ्या झाडू धरून दाराशी ताटकळला,
एकदा त्याच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे.

तुकडा आला. रिकामी लॉन्ड्री,
एक चादर अजून हवेत.
बस, एवढंच.

डोकं न वळताच म्हणालं, "व्रण चुकलाय."
मी म्हणालो, "उजवीकडे दिलाय."
"आणि हातमोजे?"
तो उठला, मांडीवरचा पॉपकॉर्नचा डबा निसटला,
आणि चार रांगा मागे
माझा तळवा आपसूक पसरला.

पॉपकॉर्न अर्थातच सांडले.
पोऱ्या झाडू घेऊन पुढे आला.