एकोणतिसावं भोक

दिवाडीच्या फेरीवर
बियरचे चार क्रेट, भाताच्या पेंढ्यात
अठ्ठावीस फुलं भाजल्या मातीची.
तीन क्रेट रिक्षात, एक माझ्या मांडीवर,
कारण लुदोविना म्हणाली,
रोहिदास, इंजिनाची धडधड त्यांना सोसायची नाही.
मी बरं म्हणालो.
माझं काम भोकं पाडायचं.

फुलं सुरंगीची.
खरी सुरंगी नखाएवढी, ही तळव्याएवढी.
सुरंगी फांदीच्या सालीलाच फुटते, देठ असून नसल्यासारखा,
म्हणून भिंतीला बरी, ती म्हणाली.
दोन वर्षं जपानात राहून आलेली बाई
डिचोलीची माती पायाने मळते,
सोडणांची राख चाळून झिलईत घालते.
रंग आला तो शिळ्या ताकाचा.
मला वाटलं, फसलं.
ती मात्र भट्टीच्या दारात उकिडवी बसून
एकेक फूल कानाशी नेऊन वाजवत होती.

एकाची पाकळी आगीत कलंडलेली.
एकावर तिच्याच अंगठ्याची रेघ.
पुसायची राहिली का?
नाही. राहू दिलीय.

आंतोन मिनेझिसांची भिंत
वर चुना, आत चिरा.
चिरा म्हणजे चाळण, बीट कुठे सरकेल नेम नाही.
तिने पेन्सिलीने खुणा केल्या,
जिन्याच्या बाजूला दाट, पुढे विरळ,
आणि उजवीकडे पुरुषभर
नुसता चुना.
इथे काय?
इथे काही नाही.
या काही-नाहीला जपानी लोक 'मा' म्हणतात.
मी म्हटलं, आमच्यात मांय म्हणजे आई.
मग लांब नाही, ती म्हणाली
आणि पाणी प्यायला आत गेली.

तेवढ्यात मी चुकलो.
सहाचं बीट, घामाने डोळे चुरचुरलेले,
समोर काळा ठिपका. दाबलं बटण.
लाल भुकटी मनगटावर सांडली तेव्हा कळलं,
ती खूण नव्हती,
कुणीतरी कधीतरी मारलेला डास होता.

पुट्टीचा डबा उघडला. घाईत झाकण वाकलं.
ती दारात उभी. किती वेळ, ठाऊक नाही.
बाहेर पोदेराचा भोंपू वाजत गेला.
मी ओरडा खायला मान खाली घालून तयार,
पंचवीस वर्षांत तेवढं शिकलोय.
ती म्हणाली, डबा बंद कर.

संध्याकाळी मिनेझिस आले, चष्मा पुसून मोजू लागले.
अठ्ठावीस फुलं.
मग बोट त्या भोकाकडे:
एक पडलं?
नाही, लुदोविना म्हणाली,
अजून आलं नाही.

ते हसले. मी नाही हसलो.
घरी येऊन बायकोला सांगितलं,
ती म्हणाली, पैसे पुरते दिले ना?
दिले होते.

पुढल्या वर्षी त्यांचा पंखा बिघडला.
शिडी लावली तर त्या भोकावर
मडकं.
बोराएवढं, गळा बारीक, काठ बाहेर वळवलेला.
कुंभारीण माशीचं काम.
खाजनातला चिखल तोंडातून, गोळी गोळी आणून.
चाक नाही, भट्टी नाही, जपान नाही.

मिनेझिस खालून म्हणाले, खरवडून टाक.
स्क्रू ड्रायव्हर हातातच होता.
मी पंख्याचा कपॅसिटर बदलला,
अठ्ठावीसही फुलांना हात लावून बघितला, एकही हलत नव्हतं,
आणि खाली उतरताना सांगितलं,
तिला विचारल्याशिवाय नको.

फोन लावला नाही.
काय सांगणार होतो?

गेल्या महिन्यात परत गेलो, मीटरसाठी.
मडक्याच्या कुशीला एक भोक दिसलं,
आतून पाडलेलं.
कोणीतरी मोठं होऊन निघून गेलं होतं.
मी डोळा जवळ नेला.
पंचवीस वर्षं पाडतोय,
इतकं गोल मला एकदाही जमलेलं नाही.